फडताळांतील सहा गोळ्या

ज्या घरांत चार कर्तीं माणसें, दोन वृद्ध आणि तीन मुलें एकत्र नांदतात, त्या घरांत औषधांचा एक डबा असतोच असतो. आमच्या घरीं तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असून माजघरांतील फडताळांत त्याची जागा ठरलेली आहे. त्यांत सुंठ आहे, ओवा आहे, ज्येष्ठमध आहे, आणि त्यांच्याच शेजारीं मागील आजारांतून उरलेल्या गोळ्यांच्या अर्धवट स्ट्रिपा आहेत, किंबहुना, होत्या. त्या आतां कां नाहींत, हेंच या महिन्याच्या लेखांत सांगावयाचें आहे. गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. चुकलेलें उदाहरण पुसून टाकूं नये, तें फळ्यावर तसेंच ठेवून कोठें चुकलें तें सर्वांस दाखवावें, असें मी नोकरीच्या सर्व वर्षांत मुलांस सांगत आलों. आतां तो नियम स्वतःला लावण्याची पाळी आली आहे.

दोन वर्षांपूर्वींच्या माघांत मला एकाएकीं हुडहुडी भरून ताप आला. दांत वाजूं लागले, उजव्या कुशींत पाठीकडे कळ येऊं लागली आणि लघवीला जळजळ सुरू झाली. दोन गोधड्या घातल्या तरी थंडी जाईना. आमचे डॉक्टर हे एके काळीं माझ्याच वर्गांत बसलेले. त्यांनीं तपासून सांगितलें, "गुरुजी, हें साधें लघवीचें दुखणें राहिलेलें नाहीं. जंतु मूत्रपिंडापर्यंत चढले आहेत. रुग्णालयांत राहावें लागेल." त्यांनीं औषधाचा पहिला थेंब शरीरांत जाण्यापूर्वीं लघवीचा नमुना घेऊन कल्चरला पाठविला. मला त्या वेळीं ही दिरंगाई वाटली. पुढें समजलें कीं त्यांत मोठें शहाणपण होतें. एकदां जंतुनाशक औषध पोटांत गेलें कीं नमुन्यांतील जंतु नीट वाढत नाहींत, आणि शत्रु कोण व तो कोणत्या शस्त्राला भितो हें कळण्याची वाटच बंद होते. मूत्रपिंडाचें काम कसें चाललें आहे हें पाहण्यासाठीं रक्तहि घेतलें. कारण हीं औषधें पुष्कळशीं मूत्रपिंडावाटें बाहेर पडतात, आणि तेंच मंदावलें असेल तर मात्रा कमी करावी लागते.

दोन दिवस शिरेंतून इंजेक्शनें चाललीं. मग कल्चरचा कागद आला. त्यांत औषधांच्या नांवांची लांबलचक यादी होती, आणि प्रत्येकापुढें तें या जंतूवर चालतें कीं नाहीं याची खूण होती. आपल्या देशांत लघवीच्या रोगांतील जंतूंपैकीं पुष्कळांवर आतां सिप्रोफ्लॉक्सासिन चालत नाहीं. माझ्या सुदैवानें माझ्या जंतूवर तें चालत होतें. म्हणून डॉक्टरांनीं इंजेक्शन बंद करून पांचशें मिलिग्रॅमची गोळी दिवसांतून दोन वेळां, सात दिवस, अशी लिहून दिली. म्हणजे एकूण चौदा गोळ्या. औषधवाल्यानें दहा-दहांच्या दोन पूर्ण स्ट्रिपा दिल्या, आणि आम्हीं त्या विचार न करितां घेतल्या. उरलेल्या सहा गोळ्यांचा जन्म हा असा झाला.

त्या सात दिवसांत घरांत जी शिस्त चालली, तिचें श्रेय आमच्या सूनबाईस आहे. मला सकाळीं दुधाचा चहा आणि रात्रीं निजतांना पेलाभर दूध लागतें. शिवाय हाडांसाठीं कॅल्शियमची गोळी चालू होती. डॉक्टरांनीं बजाविलें होतें कीं दूध, दहीं, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, जस्त आणि आम्लपित्तावरचीं पातळ पांढरीं औषधें यांतील धातु या औषधाला पोटांतच बांधून ठेवतात; मग गोळी गिळली तरी ती रक्तांत पुरेशी पोंचतच नाहीं. म्हणून अशा पदार्थांच्या निदान दोन तास आधीं किंवा सहा तास नंतर गोळी घ्यावी. सूनबाईनें सकाळीं सात व संध्याकाळीं सात अशा वेळा नेमल्या, चहा साडेनवांवर आणि दूध रात्रीं साडेनवांवर नेलें, कॅल्शियम आठवडाभर बंद ठेवण्याविषयीं डॉक्टरांस विचारून घेतलें, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक गोळीगणिक एक खूण केली. तिसऱ्या दिवशीं मला इतकें बरें वाटलें कीं उरलेल्या गोळ्या नकोत असें मी म्हटलें. सूनबाई एवढेंच म्हणाली, "बाबा, थांबायचें असेल तर डॉक्टर सांगतील." सात दिवस पुरे झाले. मी बरा झालों. हें औषध वेळीं मिळालें नसतें, तर जंतु रक्तांत पसरून माझें काय झालें असतें हें सांगावयास नको. पुढची हकीकत वाचून कोणी या औषधावरच राग धरूं नये, म्हणून हें आधीं सांगितलें.

निघतांना डॉक्टरांनीं आणखी एक गोष्ट सांगितली होती. "गुरुजी, तुमचें वय साठाच्या वर आहे. टांचेच्या वर जी जाड दोरीसारखी शीर लागते, तेथें दुखूं लागलें किंवा सूज आली, तर पुढची गोळी घेऊं नका. पाय टेकूं नका आणि मला कळवा." मीं तें ऐकलें, परंतु स्वतःपुरतेंच ऐकलें. माझी टांच दुखली नाहीं, म्हणून तो विषय माझ्या दृष्टीनें संपला. सहा गोळ्या डब्यांत गेल्या.

पुढें भाद्रपद आला. माझे वडील बंधु, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणतों, त्यांचें वय त्र्याहत्तर. वडील लवकर गेल्यामुळें त्यांनीं आपलें शिक्षण सोडून नोकरी धरली आणि मला शिकविलें. मी जो कांहीं आहें तो त्यांच्यामुळें. त्यांस दम्याचा जुना विकार. त्या पावसाळ्यांत दमा बळावला म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनीं त्यांस प्रेडनिसोलोन हें स्टेरॉईड व थिओफिलीन अशीं दोन औषधें दिलीं होतीं. एके शनिवारीं त्यांस सर्दी, खोकला आणि बारीक ताप आला. रविवारीं दवाखाना बंद, बाहेर पावसाची झड. वहिनी काळजींत पडल्या. मीं मोठ्या अधिकारवाणीनें सांगितलें, "वहिनी, काळजी करूं नका. माझ्या एवढ्या मोठ्या तापावर चाललेली गोळी घरांतच आहे." आणि फडताळ उघडून त्या सहा गोळ्या त्यांच्या हातीं दिल्या. दिवसाला दोन, तीन दिवस. तिसऱ्या दिवशीं ताप उतरला. तो त्या जातीचा ताप असल्यामुळें आपोआपच उतरावयाचा होता. परंतु मीं त्याचें श्रेय स्वतःकडे घेतलें, आणि चार माणसांत बोलूनहि दाखविलें.

त्या तीन रात्रीं दादांस झोंप आली नव्हती. छातींत धडधड होत होती, हात कांपत होते. तें तापानें असेल असें आम्हीं मानलें. पांचव्या दिवशीं जिना चढतांना त्यांच्या डाव्या टांचेवर कळ आली. आम्हीं तेल लावून खसखसून चोळलें, आणि "चाललें म्हणजे मोकळें होईल" असा सल्लाहि मींच दिला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं देवळाच्या पायरीवर त्यांस आंत कांहीं तुटल्यासारखें वाटलें आणि ते खालीं बसले.

डॉक्टरांनीं पाय पाहिला, मग दादांच्या औषधांचीं पाकिटें मागवून घेतलीं, आणि विचारलें, "यांखेरीज गेल्या आठवड्यांत आणखी कांहीं घेतलें होतें?" खोलींत कोणी बोलेना. मग मीं सांगितलें. माझ्याच विद्यार्थ्यासमोर माझी मान खालीं गेली. सोनोग्राफींत टांचेची कंडरा अर्धवट फाटल्याचें दिसलें. शस्त्रक्रिया टळली, हें ईश्वराचेंच देणें. परंतु पाय कित्येक आठवडे आधाराच्या जोड्यांत बांधून ठेवावा लागला, आणि रोज पहाटे नदीपर्यंत फिरून येणारे दादा दिवाळीनंतरहि काठी टेकीत अंगणापर्यंतच येत होते.

हें कसें घडलें, तें डॉक्टरांनीं पुढें निवांतपणें समजावून दिलें. तेंच येथें माझ्या शब्दांत मांडतों.

सिप्रोफ्लॉक्सासिन हें फ्लुरोक्विनोलोन या कुळांतील औषध. या कुळाचा मूळपुरुष नॅलिडिक्सिक ॲसिड. हिंवतापावरील क्लोरोक्विन तयार करतांना निघालेल्या एका जोडपदार्थावरून अमेरिकेंतील संशोधकांनीं तें सिद्ध केलें आणि १९६२ सालीं जगापुढें ठेविलें. पुढें जर्मनींतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेंत सिप्रोफ्लॉक्सासिन तयार झालें आणि १९८७ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन हीं याचींच भावंडें. याचें काम मोठें कौतुक करण्याजोगें आहे. जंतूच्या शरीरांत त्याच्या वंशाची सारी नोंद एका लांब धाग्याच्या रूपानें गुंडाळून ठेविलेली असते. एका जंतूचे दोन व्हावयाचे असले म्हणजे तो धागा उलगडावा लागतो, आणि उलगडतांना पडणारे पीळ काढण्यासाठीं जंतूजवळचें एक विशिष्ट द्रव्य धागा क्षणभर तोडतें व लगेच सांधतें. हें औषध नेमकी ती सांधणी अडवतें. धागा तुटलेलाच राहतो आणि जंतु मरतो. यावरून एक गोष्ट उघड होते. सर्दी व फ्लू हे विषाणूंचे विकार. विषाणूंजवळ असली सांधणीची व्यवस्थाच नाहीं. तेव्हां दादांच्या सर्दीवर या औषधाला मुळीं कामच नव्हतें. काम नसलेला पाहुणा घरांत शिरला, आणि त्यानें मोडतोड तेवढी केली.

ही मोडतोड अनपेक्षित नव्हती. कंडरा सुजणें किंवा तुटणें हा या कुळाचा ज्ञात दोष आहे. अमेरिकेच्या औषधनियामक खात्यानें २००८ सालीं या औषधांच्या माहितीपत्रकावर त्याविषयीं चौकटींतील ठळक इशारा छापणें सक्तीचें केलें. साठीवरचें वय, सोबत स्टेरॉईड चालू असणें, आणि मूत्रपिंड, हृदय वा फुप्फुस यांचें रोपण झालेलें असणें, या तीन स्थितींत तो धोका वाढतो. दादांच्या ठिकाणीं पहिल्या दोन्ही गोष्टी होत्या. कंडरेचें हें दुखणें पहिल्या कांहीं तासांत येऊं शकतें, तसें औषध संपून कित्येक महिने लोटल्यावरहि येऊं शकतें. २०१६ सालीं त्याच खात्यानें सांगितलें कीं साधा सायनसचा विकार, साधी श्वासनलिकेची सूज व साधें लघवीचें दुखणें यांवर दुसरें औषध असतांना हें कुळ वापरूं नये. गंभीर रोगांसाठींच तें राखून ठेवावें. आणि ती रात्रीची धडधड? सिप्रोफ्लॉक्सासिन हें यकृतांतील थिओफिलीन पचविण्याचें काम मंदावतें. त्यामुळें दादांच्या रक्तांत त्यांचें नेहमींचेंच औषध साठत गेलें. नशीब कीं फिट आली नाहीं.

एकच गोळी, एकाच घरांत एका भावाला तिनें तारलें आणि दुसऱ्याला अंथरुणाला खिळविलें. औषध आणि विष यांतला भेद द्रव्यांत नसून योजनेंत आहे, हें आपल्या प्राचीन वैद्यांनीं पूर्वींच ओळखलें होतें. मी आयुष्यभर संस्कृत शिकविलें. 'राम' शब्द पाठ झाला म्हणून जो मुलगा 'हरि' शब्दहि तसाच चालवूं लागे, त्याचे मीं गुण कापीत असें. दोन्ही शब्द पुल्लिंगी, दोन्ही देवांचींच नांवें. पण शेवटचा स्वर निराळा, म्हणून सर्व रूपें निराळीं. दोन माणसांच्या तापांचें तसेंच आहे. वरून दोन्ही तापच. परंतु जंतु निराळा, वय निराळें, मूत्रपिंड निराळें, सोबतचीं औषधें निराळीं. घरगुती अनुभवाची आपल्या कुटुंबांत मोठी प्रतिष्ठा आहे, आणि आल्याच्या काढ्यापुरती ती योग्यहि आहे. या औषधांच्या बाबतींत मात्र एकाचा अनुभव दुसऱ्यास उसना देतां येत नाहीं.

आणखी एक विचार मनांत येतो. फेब्रुवारी १९४१ मध्यें इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें जंतुदोषानें मरणोन्मुख झालेल्या एका पोलीस शिपायास प्रथमच पेनिसिलिन टोंचण्यांत आलें. तो झपाट्यानें सुधारूं लागला. परंतु औषध इतकें थोडें होतें कीं त्याच्या लघवींतून तें परत काढून पुन्हां टोंचावें लागे. पांच दिवसांत तेंहि संपलें आणि मार्चांत तो गेला. पुढें आपल्याच पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९५५ पासून तेथें पेनिसिलिन होऊं लागलें, आणि औषध सामान्य माणसाच्या आटोक्यांत आलें. थेंबाथेंबाला मोताद असलेली वस्तु आज आपल्या फडताळांत उरून पडते. विपुलता आली, तिच्यामागून विवेक आला नाहीं.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं ही भीति पूर्वींच बोलून दाखविली होती. ११ डिसेंबर १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानांत त्यांनीं एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच्या मनानें पेनिसिलिन आणून अपुरें घेतो. जंतु मरत नाहींत, उलट औषधाला तोंड द्यावयास शिकतात. ते शहाणे झालेले जंतु त्याच्या पत्नीला लागतात, आणि तिच्या न्यूमोनियावर औषध चालत नाहीं. आपल्या घरीं बारा माणसें एका छपराखालीं राहतात, एका पंक्तीला जेवतात. एकाच्या शरीरांत पोसलेला हट्टी जंतु दुसऱ्याकडे जावयास किती वेळ लागणार? विषमज्वरावर एके काळीं सिप्रोफ्लॉक्सासिन हें हुकमी औषध होतें. आज आपल्या देशांतील विषमज्वराचे बहुतेक जंतु त्याला दाद देत नाहींत. शिवाय या कुळांतील कांहीं औषधांचा क्षयाच्या जंतूंवरहि परिणाम होतो. जुनाट खोकल्यावर तीं मनानें घेतलीं तर खोकला चार दिवस दबतो, खऱ्या रोगाचें निदान लांबतें, आणि तोंवर घरांतील मुलांस तो लागलेला असतो.

असो. चूक सांगून झाली. आतां तिच्यापासून आमच्या घरानें जे नियम केले ते सांगतों.

पहिला नियम वहीचा. फडताळाच्या दाराला आतून एक वही बांधली आहे. तींत घरांतील प्रत्येकाचें एक पान. त्यावर वय, जुने विकार, रोजचीं औषधें, आणि पूर्वीं कोणत्या औषधानें अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास कोंडला असल्यास त्याचें नांव. डॉक्टरांकडे जातांना पाकिटांबरोबर ती वहीहि जाते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतींत डॉक्टरांस न विसरतां सांगण्याजोग्या गोष्टी म्हणजे मधुमेहाच्या गोळ्या, कारण साखर एकाएकीं फार उतरूं शकते, रक्त पातळ करणारें वॉरफरिन, पाठदुखीवर सर्रास दिलें जाणारें टिझॅनिडिन, कारण हीं दोन औषधें एकत्र कधींच घ्यावयाचीं नाहींत, हृदयाच्या ठोक्यांचा दोष, फेंफरें, मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंच्या दुर्बलतेचा रोग, महारोहिणीला आलेला फुगा, तसेंच गर्भारपण व अंगावर पिणारें मूल. लहान मुलांस हें औषध क्वचित् आणि विशेष कारणावांचून देत नाहींत.

दुसरा नियम प्रश्नांचा. चिठ्ठी हातीं आली कीं डॉक्टरांस विचारावें: हा रोग जंतूंचाच आहे ना? कल्चर करावयाचें आहे काय? दिवसांतून किती वेळां आणि नक्की किती दिवस? दुधाबरोबर चालेल काय? कोणतें लक्षण दिसल्यास थांबावें? पूर्वीं लांबलचक मुदती देत. आतां कित्येक रोगांत थोडे दिवस पुरतात असें अभ्यासाअंतीं दिसून आलें आहे. म्हणून मुदत आपण होऊन कमी करूं नये, तशीच वाढवूंहि नये. एखादी गोळी चुकली तर आठवतांच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असल्यास ती सोडून द्यावी. दोन एकदम कधींहि घेऊं नयेत. औषध चालू असतां पाणी भरपूर प्यावें आणि भर उन्हांत हिंडूं नये, कारण कातडी लवकर भाजते.

तिसरा नियम लक्षणांचा. तो सूनबाईनें मोठ्या अक्षरांत लिहून डब्याच्या झांकणावर चिकटविला आहे. कंडरेंत दुखणें वा सूज, हातापायांस मुंग्या किंवा बधिरता, भ्रम, छातींत धडधड, अंगावर पुरळ, यांपैकीं कांहींहि झाल्यास पुढची गोळी न घेतां डॉक्टरांस कळवावें. तोंड वा जीभ सुजली, श्वास कोंडला, शुद्ध हरपूं लागली, किंवा छाती, पाठ वा पोट यांत एकाएकीं असह्य कळ आली, तर तडक रुग्णालय गांठावें. वारंवार पाण्यासारखे किंवा रक्ताचे जुलाब होऊं लागले, मग ते औषध संपून महिना-दोन महिने झाल्यावर कां होईनात, तर जुलाब थांबविण्याची गोळी मनानें न घेतां डॉक्टरांस दाखवावें. कारण औषधानें आंतड्यांतील उपकारक जंतूहि मरून एक अपकारक जंतु तेथें माजूं शकतो.

चौथा नियम खरेदीचा. पाकिटावर उभी तांबडी रेघ दिसली म्हणजे तें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घ्यावयाचें नाहीं. या रेघेचा अर्थ लोकांस कळावा म्हणून केंद्र सरकारनें २०१६ सालीं मोहीमच काढली होती. त्याआधीं, १ मार्च २०१४ पासून, लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या कांहीं औषधांची विक्री निराळ्या नोंदवहींत लिहून ठेवणें औषधवाल्यावर बंधनकारक झालें आहे. त्यास त्या चिठ्ठीचा आग्रह धरतांना पाहून आपण चिडूं नये. तो आपलेंच रक्षण करीत असतो. चौदा लिहिल्या असल्यास चौदाच मोजून, स्ट्रिप कापून घ्याव्यात. नांव व मुदत छापलेला तुकडा आपल्याकडे ठेवावा.

पांचवा आणि शेवटचा नियम: उरलें तें ठेवावयाचें नाहीं. कांहीं कारणानें डॉक्टरांनीं औषध मध्येंच बदललें आणि गोळ्या उरल्या, तर त्या मोरींत किंवा संडासांत टाकूं नयेत. पाण्यांत मिसळून त्या पुन्हां जंतूंनाच शिकवितात. औषधवाला परत घेत असल्यास त्याला द्याव्या. नाहींतर स्ट्रिपेंतून काढून, वापरलेल्या चहाच्या चोथ्यांत मिसळून, पिशवी घट्ट बांधून घातक कचऱ्यांत वेगळ्या द्याव्या, म्हणजे मुलांच्या वा गाईगुरांच्या तोंडीं लागणार नाहींत.

दादा आतां पुष्कळ बरे आहेत. काठी सुटली आहे. नदीपर्यंत मात्र ते अजून जात नाहींत, देवळापर्यंत जातात, आणि मी त्यांच्या बरोबर जातों. एके दिवशीं देवळाच्या त्याच पायरीवर बसलों असतां मला राहवलें नाहीं. मीं म्हटलें, "दादा, माझ्यामुळें तुमचा पाय गेला असता." दादा थोडा वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "अरे, तूं दिल्यास त्या मायेनेंच दिल्यास. पण पुढच्या खेपेस माया कर, आणि डॉक्टरलाहि विचार."

त्या दिवशीं घरीं येऊन मीं फडताळ उघडलें आणि डबा ओटीवर पालथा घातला. निरनिराळ्या आजारांच्या, निरनिराळ्या माणसांच्या, मुदत सरलेल्या व न सरलेल्या मिळून सव्वीस गोळ्या निघाल्या. वाचकांनीं हा अंक मिटून ठेवण्यापूर्वीं आपला डबा एकदां असाच पालथा घालून पाहावा, एवढीच या म्हाताऱ्या शिक्षकाची विनंती आहे. सुंठ आणि ओवा तेवढा परत आंत ठेवावा.